पद्मिनीचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझत नसेल तर

इंजिन चालू असताना प्रीमियर पद्मिनीचा ऑइलचा दिवा पेटलेलाच राहिला, तर लगेच इंजिन बंद करून डिपस्टिकने ऑइलची पातळी पाहा. ऑइल बरोबर असेल तरच पुढचं. माझ्या गाडीत दोष प्रेशर स्विचमध्ये, म्हणजे ऑइलच्या दाबावर हा दिवा लावणाऱ्या-विझवणाऱ्या, इंजिनमध्ये आट्यांनी बसवलेल्या स्विचमध्ये निघाला.

या स्विचला एकच वायर असते. अर्थिंग (करंटची परतीची वाट) त्याच्या बॉडीतून, आट्यांवाटे इंजिनकडून मिळतं. दाब नसताना आतले पॉइंट जुळून दिवा लागतो, दाब आला की सुटतात. इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवून वायर काढा: दिवा विझला पाहिजे. वायर इंजिनच्या ब्लॉकला (मुख्य धातूच्या भागाला) टेकवा: लागला पाहिजे. काढूनही विझत नसेल तर वायरच कुठेतरी गाडीच्या बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे, स्विचचे पैसे वाया घालवू नका.

बदलण्याआधी स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून दाब मोजाच. खरंच दाब कमी असेल तर नवा स्विचही तेच सांगणार, आणि तोवर बेअरिंग जातील. मोजमाप गरम इंजिनवर घ्या. कसारा घाट चढून नाशिकला पोहोचल्यावर ऑइल पातळ झालेलं असतं, झिजलेलं इंजिन तेव्हाच आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) उघडं पडतं.

दुकानात जुना स्विच सोबत न्या, आटे तंतोतंत जुळायला हवेत. इंजिन थंड झाल्यावर हाताने आटे धरवा, मग पान्याने बेताने आवळा. टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थिंग तुटतं आणि दिवा कधीच लागत नाही. हा दोष जास्त घातक. इग्निशन ऑनला दिवा लागून स्टार्टनंतर काही सेकंदांत विझला, स्विचच्या बुडाशी ऑइल झिरपलं नाही, की झालं.