औषधाने लिव्हर बिघडलं तर कोणता उपचार चांगला? तुलना करताना या चुका टाळा

नागपुरात जर्नल क्लबला (डॉक्टरांची नवे अभ्यास आणि केसेसवर चर्चेची बैठक) बसतो तेव्हा दर दोन महिन्यांनी तीच स्लाइड दिसते, "आम्ही अमुक दिलं आणि पेशंट सुधारला". अरे बावा, संशयित औषध बंद कधी केलं ते आधी सांगा ना! सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मी तिच्यावर जास्त बोलणार आहे कारण तिच्यामुळे माणसं दगावताना पाहिलीत.

काही वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडचा एक पेशंट आला होता, टीबीची औषधं सुरू होऊन पाच आठवडे झालेले, डोळे हळदीसारखे पिवळे. औषधं त्याच दिवशी थांबवली, स्टेरॉइड चौथ्या दिवशी सुरू झालं, दहाव्या दिवशी बिलिरुबिन (रक्तातला कावीळ दाखवणारा पिवळा घटक) अर्ध्यावर. सगळे खूश, स्टेरॉइडने कमाल केली म्हणून. मी शिकाऊ डॉक्टर पोरांना तारखा कागदावर मांडायला लावल्या तर एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी मरताना रक्तात वाढणारं एन्झाइम) तिसऱ्याच दिवशी उतरायला लागलं होतं. पण गोष्ट पसरून गेली होती, पुढच्या एका बाईंना पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड दिलं, टीबीची औषधं बंद आणि वर स्टेरॉइड, इन्फेक्शन छातीभर पसरलं. त्या वाचल्या नाहीत. ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तसं) चित्र असेल किंवा कॅन्सरच्या इम्युनोथेरपीने लिव्हर बिघडलं असेल तर स्टेरॉइडला जागा आहे, बाकी ठिकाणी सवय म्हणून देऊ नका.

औषधामुळे कावीळ झाली, एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर गेलं, पित्तनळी अडलेली नाही, तरी साधारण दहात एकच मरतो किंवा ट्रान्सप्लांटला लागतो. म्हणजे नऊ जण बहुतेक औषध थांबवूनच बरे होऊन राहिले, मग चार पेशंटवर "माझा उपचार चालतो" कसं म्हणता? मी स्वतः आधी तारखांची रेघ काढतो, औषध सुरू, बंद, उपचार सुरू, आणि मगच रिपोर्ट बघतो.

दुसरी चूक, एसजीपीटी उतरलं की हुश्श करणं. ते खाली येतंय आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) चढतोय, पेशंट गुंगीत बोलतोय, तर मरायला पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ. मी आयएनआर आणि पेशंट किती शुद्धीवर आहे ते आधी बघतो, एसजीपीटी शेवटी.

पॅरासिटामॉल आणि बाकीची औषधं एकाच टोपलीत टाकू नका. पॅरासिटामॉल जास्त झालं असेल तर त्याचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या 8 तासांत दिलं तर फारच चांगलं, उशिरा आला तरी द्यायचंच. बाकीच्या लिव्हर फेल्युअरसाठी याच औषधाचा 2009 चा 173 पेशंटचा अभ्यास आहे, एकूण जगण्यात ठळक फरक नव्हता, पण सुरुवातीच्या ग्रेड 1-2 कोमात (गोंधळ, गुंगी, पण पूर्ण बेशुद्ध नाही) ट्रान्सप्लांटशिवाय जगणारे औषध दिलेल्यांत 52 टक्के, न दिलेल्यांत 30. ग्रेड न बघता ते आकडे फेकणारे अर्धंच वाचून आलेले असतात.

प्लाझ्मा एक्सचेंजच्या (रक्तातला प्लाझ्मा काढून दुसऱ्याचा भरणं) 2016 च्या अभ्यासात 182 पेशंट होते, ते केलेल्यांत 58.7 आणि न केलेल्यांत 47.8 टक्के जगले, पण त्यात निम्म्याहून जास्त पॅरासिटामॉलचे. आपल्या वॉर्डात टीबीची औषधं आणि काढेच जास्त, तो आकडा जशाचा तसा उचलू नका.

गुळवेल, काढा, पावडर, हे नाव घेऊन विचारा. "दुसरं काही घेता का?" असं विचारलं की सगळे नाहीच म्हणतात.

ट्रान्सप्लांट झालेले पेशंट "उपचाराने वाचले" मध्ये मोजू नका. आणि आयएनआर 1.5 ओलांडून डोकं गोंधळलं की दुसरा उपचार कोणता हा वाद घालत बसू नका, ट्रान्सप्लांट सेंटरला त्याच संध्याकाळी फोन करा, उद्यावर ढकलू नका.