सिस्टर रोझेटा थार्प कशा ऐकाव्यात

रॉक अँड रोलची गोष्ट बहुतेक जण १९५५ च्या आसपास गाजलेल्या पुरुष गायकांपासून सुरू करतात. परंतु हे संगीत मुळापासून समजून घ्यायचे असेल, तर भक्तिगीते गाणाऱ्या अमेरिकन गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प यांची ध्वनिमुद्रणे कालक्रमाने आणि सावकाश ऐकावीत. त्यांना मिळालेल्या बिरुदांपासून सुरुवात करू नये, कारण बिरुदे फार उशिरा आली. गिटार मात्र पहिल्यापासून होती.

त्यांचा जन्म १९१५ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या गावी झाला. आई केटी बेल न्युबिन मँडोलिन वाजवीत आणि धर्मोपदेश करीत. त्यांच्या पंथाच्या उपासनेत टाळ्या, वाद्ये आणि नाचाला भाग पाडणारी लय यांना मोकळीक होती. आईबरोबर प्रार्थनासभांतून वाढलेली ही मुलगी अगदी लहान वयातच लोकांसमोर गिटार वाजवू लागली. पुढचे सगळे ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या बैठकीला ३१ ऑक्टोबर १९३८ रोजी डेक्का कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे निवडावीत. एकदा शब्दांकडे दुर्लक्ष करून केवळ गिटारीकडे कान द्यावा. गाण्याची ओळ संपते तिथे गिटार नुसती साथ करीत नाही, तर ती त्या ओळीला उत्तर देते. त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबात आणि डिसेंबरमध्ये तिथल्याच कार्नेगी हॉल या संगीतसभागृहात गायल्या. भक्तिगीते नाइटक्लबात नेल्याबद्दल चर्चमधील अनेकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या गाण्यातली धार या ओढाताणीतूनच आली आहे.

त्यानंतर १९४४ मधले ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ लावावे. यात सॅमी प्राइस यांच्या पियानोवर बूगी-वूगीचा, म्हणजे डाव्या हाताने सतत घोळवलेल्या नाचऱ्या लयीचा, ठेका आहे. आधी त्यावर पायाने ताल धरावा आणि मग मधल्या जागेत गिटार त्या ठेक्यावर कशी स्वार होते ते पाहावे. शब्द धर्माचे आणि चाल नाचाची असे हे गीत १९४५ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. रॉक अँड रोलचे पहिले ध्वनिमुद्रण म्हणून जी मोजकी नावे घेतली जातात, त्यांत याचेही नाव असते.

तिसऱ्या टप्प्यावर ऐकण्याबरोबर पाहणे आवश्यक आहे. मे १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ग्रॅनाडा टेलिव्हिजनने त्यांचे गायन चित्रित केले. श्रोते एका फलाटावर, कलाकार समोरच्या फलाटावर आणि मध्ये रूळ. पाऊस पडत असताना थार्प घोडागाडीतून उतरतात, अंगातल्या कोटासह पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवतात आणि पावसाचेच गाणे सुरू करतात. येथे त्यांच्या उजव्या हातावर नजर ठेवावी. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा तो हात एकही आघात वाया घालवीत नाही.

१९७० मध्ये पक्षाघात झाला, मधुमेहामुळे पाय गमवावा लागला, तरीही त्या गात राहिल्या. १९७३ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. फिलाडेल्फियातील त्यांच्या कबरीवर कित्येक दशके साधा शिलालेखही नव्हता, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश होण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

शेवटी रॉक अँड रोलचे गायक लिटल रिचर्ड यांची १९५५ नंतरची गाणी ऐकावीत. १९४७ मध्ये जॉर्जियातील मेकन येथे या चौदा वर्षांच्या मुलाला थार्प यांनी स्वतःच्या कार्यक्रमात गायला उभे केले होते. त्याची ती उंच किंकाळी ऐकल्यावर लगेच १९४४ चे ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे.