खलनायकाची अ‍ॅक्शन फिगर पारखताना या चुका टाळा

कॉमिकमधील खलनायकांच्या अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या छोट्या बाहुल्या, आणि त्यांतही विशेषकरून मार्व्हल कॉमिक्सच्या डॉक्टर डूमच्या, मी बरीच वर्षे जमवत आलो आहे. या छंदात नव्याने आलेली मंडळी आपली खरेदी दाखवायला येतात, तेव्हा दर वेळी त्याच चार-पाच चुका पाहायला मिळतात आणि त्यांपायी चांगल्या वस्तूंचे नुकसान होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढे सगळीकडे मी डूमचेच उदाहरण घेतले आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या कॉमिकच्या पाचव्या अंकात आणलेल्या या पात्राच्या अंगावर राखाडी चिलखत, त्यावर हिरवा अंगरखा, डोक्यावर हूड, पाठीवर केप आणि तोंडावर धातूचा मुखवटा असतो. त्यामुळे कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, धातूच्या छटेचा रंग आणि वजनाचा तोल या चारही गोष्टींची परीक्षा एकाच फिगरमध्ये होऊन जाते.

डब्यातून काढल्या काढल्या सांधे वाकवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. सांध्याच्या आत एक बारीक खुंटी असते आणि तिच्यावर सगळा भार असतो. कारखान्यात रंग पुरता वाळण्याआधी भाग जोडले गेले, तर तो रंगच आत डिंकासारखे काम करतो आणि सांधा बसल्या जागी चिकटतो. चिलखताला चंदेरी रंग दिलेला असला की गुडघा आणि मनगट या दोन ठिकाणी हे हमखास संभवते. असा सांधा पुढे-मागे वाकवताना सहसा तग धरतो. गोल फिरवताना मात्र सगळा पीळ त्या एकट्या खुंटीवर पडतो.

काही वर्षांपूर्वी एक कॉलेजात शिकणारा मुलगा नवा कोरा डूम घेऊन माझ्या ठाण्याच्या घरी आला होता. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी मागवलेली ती फिगर त्याला सहा महिन्यांनी मिळाली होती आणि डबा माझ्यासमोरच उघडायचा म्हणून त्याने तो जपून ठेवला होता. मी चहा आणायला आत गेलो. परत येतो तो त्याने उजवा पाय गुडघ्याखाली धरून फिरवायला घेतला होता. ‘थांब’ म्हणेपर्यंत बारीकसा ‘कट्’ असा आवाज झाला आणि पोटरी त्याच्या हातात आली. मी भिंगातून पाहिले, तर खुंटी मुळापासून पिळवटून तुटली होती आणि तिचे टोक चावलेल्या खडूसारखे पांढरे पडले होते. तो पांढरेपणा म्हणजे प्लास्टिक ताणले गेल्याची खूण. ती तुटण्याच्या आधीच दिसू लागते, पण पाहायला थांबले तरच. आम्ही पुढे खुंटीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून आत तारेचा तुकडा बसवला. फिगर आज उभी राहते, मात्र तो गुडघा कायमचा ताठ झाला आहे.

माझी सवय अशी आहे की पहिली दहा मिनिटे एकही सांधा हलवायचा नाही. आधी प्रत्येक जोड भिंगातून पाहायचा आणि सांध्याच्या फटीत रंग साचला आहे का ते बघायचे. संशय आला, तर तेवढाच भाग आंघोळीच्या पाण्याहून जरा अधिक गरम पाण्यात दोन मिनिटे धरायचा, पुसायचा आणि मग आधी वाकवायचा, फिरवायचा सर्वांत शेवटी. हेअर ड्रायर जवळ धरून वेळ वाचवणारे बरेच भेटतात. रंगाला फोड आला की तो वाचवलेला वेळ कुठे जातो ते त्यांनाच ठाऊक. तरीही सांधा सुटला नाही, तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने आत सोडावा. शिलाई मशीनचे तेल घरात असते म्हणून ते वापरू नये, कारण खनिज तेलाने काही प्लास्टिक कालांतराने तडकते. उलट सांधा सैल असेल आणि त्याचा गोळा (खोबणीत बसणारे गोल टोक) बाहेर निघत असेल, तर नळाला लावतात त्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरतो.

पिवळ्या दिव्याखाली रंग तपासणे

रंग दिवसाउजेडी, खिडकीशी, पांढऱ्या कागदावर ठेवूनच पाहावा. डूमच्या मुखवट्यात डोळ्यांच्या खाचा खोल असतात आणि आतले डोळे जेमतेम मिलिमीटरभर सरकले, तरी लॅटव्हेरिया या काल्पनिक देशाचा हा सम्राट तिरळा दिसतो. म्हणून मी मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून खाचेच्या आत पाहतो. चिलखतावर लाकडाच्या रेषांसारख्या वळणदार छटा दिसल्या, तर तो ओरखडा नव्हे. धातूच्या छटेचे प्लास्टिक साच्यात वाहताना त्या उमटतात आणि कितीही पुसल्या तरी जात नाहीत. त्या घासून काढायला गेलेल्यांनी चिलखताचा तजेलाच घालवल्याचे मी पाहिले आहे.

डबा उघडायच्या आधी डावे-उजवे तपासावे. दोन्ही मांड्या उजव्याच किंवा दोन्ही हात डावेच निघाल्याची उदाहरणे या छंदात नवी नाहीत. खिडकी नसलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात हे बाहेरून दिसत नाही, तेव्हा डबा उघडतानाचे न थांबवता केलेले चित्रीकरण हाताशी ठेवावे.

तळपायावरचे साल म्हणजे जन्मसाल समजणे

या गैरसमजाचा मला फार राग आहे, कारण त्यात माणसांचे पैसे जातात. फिगरच्या तळपायावर, मांडीवर किंवा पाठीवर जे साल कोरलेले असते, ते हक्कनोंदणीचे (कॉपीराइटचे) असते. ती विशिष्ट प्रत कधी तयार झाली, हे त्यावरून कळत नाही. कंपन्या एकाच देहाचे साचे अनेक पात्रांसाठी वर्षानुवर्षे वापरतात, त्यामुळे नव्या फिगरच्या मांडीवर बरेच जुने साल सापडू शकते. एका विक्रेत्याने मला असाच एक डूम केवळ कोरलेल्या सालाच्या आधारे दुर्मीळ म्हणून दाखवला होता आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकून माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ पाकीट काढू लागले होते. मी त्यांना वेगवेगळ्या खेळणी कंपन्यांनी काढलेल्या डूमच्या पिढ्या सांगितल्या: मॅटेलच्या १९८४ मधील सीक्रेट वॉर्स मालिकेतला डूम, टॉय बिझच्या मार्व्हल लेजेंड्सच्या दुसऱ्या संचातला २००२ चा, आणि हॅस्ब्रोचा २०२० चा, जो अशा संचात आला की त्यातल्या डब्यांतले सुटे भाग जोडून सुपर स्क्रल ही आणखी एक मोठी फिगर तयार होते. या तिघांची उंची, सांध्यांची संख्या आणि घडण इतकी वेगळी आहे की एकदा शेजारी ठेवून पाहिल्यावर आकड्याची गरजच उरत नाही. आधी घडण पाहावी, मग साल वाचावे.

नकली माल ओळखतानाही घडणच कामी येते. मूळ फिगरवरूनच साचा घेऊन ओतलेली नक्कल किंचित लहान भरते आणि तिचे बारकावे बोथट होतात. मुखवट्यावरचे रिव्हेट सुटे, टोकदार दिसतात की साबणाच्या झिजलेल्या वडीसारखे एकमेकांत मिसळतात, हे नखाने चाचपून पाहावे.

सेकंडहँड घेताना सुटे हात, शस्त्रे आणि सोबतच्या मोठ्या फिगरचा भाग मोजून घ्यावा. सहा इंची डूमशेजारी सात इंची मालिकेतला डार्कसाइड (डीसी कॉमिक्सचा खलनायक) ठेवून कोणाची घडण लहान पडली, असा निष्कर्ष काढू नये; त्यांची मापेच वेगळी आहेत. किमतीवरून दर्जा ठरवू नये.

दोन मिनिटे उभी राहिली म्हणजे झाले, असे मानणे

डूमची केप जड असते आणि ती त्याला मागे ओढते. हातातून टेबलावर ठेवल्यावर तो उभा राहील, पण मे महिन्यात मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात मऊ प्लास्टिकचे घोटे हळूहळू झुकतात आणि सकाळी डूम आडवा सापडतो. म्हणून मी नवी फिगर केपसह, कसलाही आधार न देता, रात्रभर लाकडी फळीवर उभी करतो, पायांच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढतो आणि सकाळी घोट्यांचा कोन पाहतो. केप तिरकी झाली असेल, तर ती गरम पाण्यात धरून सरळ करावी आणि त्याच स्थितीत लगेच गार पाण्यात बुडवावी, म्हणजे आकार धरते.

तोल ठीक निघाला, की फिगर हवाबंद पिशवीत कोंबण्याचा मोह होतो. मऊ प्लास्टिकमधला तेलकट घटक वर येऊन बंद जागेत साचतो आणि अंगरखा चिकट होतो. तसे झालेच, तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. स्पिरिट लावले की चंदेरी रंग कापसाबरोबर निघून येतो.