जुनी लाकडी होडी पाण्यात घालण्याआधी

गंगापूर धरणाच्या पाण्यावर आमची आजोबांच्या वेळची होडी असायची. उन्हाळाभर काठावर पडली की फळ्या सुकून आकसायच्या, सांध्यांतून नख आत जाईल एवढ्या फटी. आजोबा त्या लगेच बुजवू देत नसत. आधी ओली गोणपाटं पसरून दोन-तीन दिवस भिजवायची. लाकूड फुगतं, बऱ्याच फटी आपोआप मिटतात. कोरड्यातच गच्च भरलंत तर फुगलेल्या फळ्या खिळे सैल करतात. उरलेल्या फटीत राळ-तेलात भिजवलेली सुताची वात बोथट पटाशीने हलकेच ठोकावी. राळ पेटते, म्हणून मंद आचेवर, उघड्यावरच तापवा. पाण्यात असताना गळायला लागली तर कपडे धुण्याचा साबण सांध्यात दाबून भरा. काठ गाठेपर्यंत तो टिकतो.