जलसंजीवनीचा फलक: न वाचताही समजेल असा

एका फलकावर एकच काम: जुलाबात द्यायची जलसंजीवनी (ओआरएस) पुडीपासून कशी करायची. जुलाब, ऊन, लसीकरण सगळं कोंबलं की कुणी थांबतच नाही. चित्रं तीन पुरेत: साबणानं हात धुणं, १ लिटर पाण्यात पूर्ण पुडी, २४ तासांनी उरलेलं फेकणं. लोक चुकतात ते लिटरच्या मापात, म्हणून भरलेली लिटरची बाटलीच काढा. पेला काढाल तर पुडी पेल्यातच रिकामी होईल आणि क्षार जास्त होतील, ते लेकराला बाधतं.

चूक-बरोबर नुसतं लाल-हिरव्यानं दाखवू नका. काहींना तो फरक दिसत नाही. फुलीही द्या. ५ मीटरवरून वाचायला अक्षर २ सेंटीमीटर उंच हवं.

छपाईआधी मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या बायांना दाखवा. "यात काय करायला सांगितलं?" एवढंच विचारा, समजावू नका. अडल्या तर चित्र बदला.