पंपाच्या पेटीला लॅपटॉप लावण्याआधी: यूएसबी-सिरियल बोर्डाची तयारी

पंपाच्या पेटीतल्या कंट्रोलरचा लॉग बघायला किंवा त्यात प्रोग्राम चढवायला लॅपटॉप आणि कंट्रोलरच्या मध्ये यूएसबी-सिरियल बोर्ड लागतो. शिवारात पेटी उघडली आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर नाही म्हणून काम अडलं, की दिवस गेला. निपाणीवाल्याला त्यासाठी कोल्हापूर गाठायचं, खानापूरवाल्याला बेळगाव. शिवाय थ्री फेज पाळीनेच येतो. म्हणून पुढचं सगळं घरी टेबलावर उरकून घ्या.

पहिला बोर्ड. सीएच३४०जी, सीपी२१०२ किंवा एफटी२३२आरएल, यांपैकी कुठलीही चिप चालेल. जुन्या साठ्यातला पीएल२३०३ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका: त्याच्या जुन्या आवृत्त्यांना विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो आणि पोर्टवर पिवळा त्रिकोण, ‘कोड १०’ दिसतो. एफटी२३२च्या नकला बाजारात फार आहेत, त्यामुळे साध्या कामाला सीएच३४०जी बरा. त्यावर १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची चकचकीत धातूची डबी असते. बोर्ड खाली पडला असेल तर तिच्या दोन्ही पायांचा सोल्डर भिंगातून बघा. तिथे केसाएवढी भेग असली तरी लॅपटॉप बोर्ड ओळखत नाही, आणि आपण ड्रायव्हर बदलत बसतो.

केबल चार्जिंगपुरती नसावी. तिने फोन लॅपटॉपला लावा; फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर आतल्या डेटाच्या हिरव्या-पांढऱ्या वायरी शाबूत आहेत. ड्रायव्हर घरीच टाकून ठेवा, शिवारात रेंजचा भरवसा नसतो. लिनक्सवर ड्रायव्हर आधीच असतो, फक्त आपलं नाव डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) घालून एकदा लॉगआउट करा. उबुंटू २२.०४ मध्ये बीआरएलटीटीवाय नावाचा, ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्राम सीएच३४०ला ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावतो. त्या संगणकावर कुणी ब्रेल यंत्र वापरत नसेल तर तो काढून टाका.

आता व्होल्टेज. जास्तीत जास्त पार्ट इथेच जळतात, म्हणून इथे वेळ घालवा. बोर्डावरची जंपरची टोपी ३.३ वर आहे की ५ वर, हे बघून भागत नाही. काही बोर्डांवर ती फक्त बाहेर जाणारा सप्लाय बदलते. दुसरं काहीही न जोडता बोर्ड लॅपटॉपला लावा आणि मल्टिमीटरने टीएक्स (पाठवणारी पिन) व ग्राउंडमधलं व्होल्टेज मोजा. ओळ रिकामी असताना टीएक्स वरच्या पातळीवर थांबलेला असतो, त्यामुळे आकडा थेट मिळतो. ३.३च्या आसपास असेल तर ईएसपी-०१ या वायफाय मॉड्यूलला चालेल. ५ आला तर टीएक्सच्या वाटेत १ किलोओहम आणि तिथून ग्राउंडला २ किलोओहम लावा. मधल्या जोडावर ३.३ व्होल्ट मिळतात. सिम८००एल या मोबाइल नेटवर्कच्या मॉड्यूलची सिग्नल पातळी २.८ व्होल्टची आहे, तिथे ५ व्होल्ट थेट कधीच देऊ नका.

सप्लायही त्या चिमुकल्या बोर्डाकडून मागू नका. एफटी२३२आरएलच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर फक्त ५० मिलिअँपिअर मिळतात, सीपी२१०२वर १००. ईएसपी-०१ वायफाय चालू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि पुन:पुन्हा रीसेट होतो. सिम८००एल तर नेटवर्क पकडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत जातो. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टचा वेगळा सप्लाय, मॉड्यूलच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दोन्हींचं ग्राउंड एक.

निघण्याआधी बोर्डाचे टीएक्स आणि आरएक्स (घेणारी पिन) एका जंपर वायरने एकमेकांना जोडा, टर्मिनल (सिरियल पोर्टवरची अक्षरं दाखवणारा प्रोग्राम) उघडा, लोकल एको (टाइप केलेलं आपणहून दाखवायची सोय) बंद ठेवा आणि काही अक्षरं टाइप करा. ती परत दिसली पाहिजेत, आणि वायर काढल्यावर दिसायची थांबली पाहिजेत. दुसरी अर्धी तपासणी लोक गाळतात, आणि एको चालू राहिलेला असेल तर तिथेच फसतात.

पेटीपाशी पोचल्यावर वायरी जोडताना मेन स्विच बंद, आणि लॅपटॉप बॅटरीवर. पेटीतल्या कंट्रोल कार्डावर ट्रान्सफॉर्मर दिसत नाही आणि ४०० किंवा ६३० व्होल्ट लिहिलेला चौकोनी कपॅसिटर दिसतो, तर ते कार्ड थेट मेनवर चालतं. त्याचं ग्राउंड जिवंत असतं; त्याला आपली वायर लावली तर लॅपटॉप जाईल, आणि हातालाही झटका बसेल. असं कार्ड सोडवून टेबलावर आणा आणि त्याच्या कंट्रोलरला वेगळ्या डीसी सप्लायवर चालवा. बाकी कार्डांसाठीही एडीयूएम३१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि कार्डाची वीज वेगळी ठेवणारा) मध्ये लावलेला चांगला.

जोडताना आधी ग्राउंड, मग टीएक्स आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. कार्डाला स्वतःचा सप्लाय असेल तर व्हीसीसीची (सप्लायची) वायर लावूच नका. डीटीआरची (पोर्ट उघडल्याचा इशारा देणारी) वायर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून प्रो मिनी या छोट्या आर्डुइनो कंट्रोलरच्या रीसेटला जाते; प्रोग्राम चढवायला ती हवी, पण नुसता लॉग बघायचा असेल तर काढून ठेवा. नाहीतर टर्मिनल उघडताच कंट्रोलर रीसेट होतो, रिले सुटतो आणि चालती मोटर बंद पडते. प्रोग्राम चढवताना कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलची वायर सोडवून तिला टेप लावा.

टर्मिनलमध्ये वेग बहुधा सेकंदाला ९६०० किंवा ११५२०० बिट, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. ईएसपी चालू होताना ११५२००वर थोडा कचरा दिसतो, कारण त्याचा बूट संदेश ७४८८०वर येतो. तो दोष नाही. सिम८००एल ‘एटी’ला उत्तर देत नसेल तर टर्मिनल ओळीअखेर कॅरेज रिटर्न पाठवतंय का, ते आधी बघा.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांमधल्या जुन्या सीएनसी मशीनचा नऊ किंवा पंचवीस पिनांचा पोर्ट हे वेगळं काम. तिथे आरएस-२३२ आहे, उणे व्होल्टेजसुद्धा येतं. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप किंवा तयार आरएस-२३२ केबल हवीच. सात बिट आणि इव्हन पॅरिटीही तिथे नेहमी भेटते.

पावसाळ्यात खानापूरकडे बोर्ड सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत ठेवा. पिना काळवंडल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोजलेलं टीएक्सचं व्होल्टेज टेपवर लिहून बोर्डाच्या पाठीला चिकटवा.