रोड बाइक घेताना: ॲल्युमिनियम, स्टील की कार्बन?

पहिलीच रोड बाइक असेल तर ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) ही जोडी घ्या. फ्रेम कार्बनची केली की वजन जेमतेम अर्धा किलो कमी होतं, किंमत मात्र भरमसाट वाढते. त्यापेक्षा उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला. फरक लगेच जाणवतो. दुकानात २८ मिमी टायर बसतो का, ते जरूर विचारा. खड्ड्यांच्या रस्त्यावर फ्रेमच्या धातूपेक्षा टायरची रुंदी आणि हवा जास्त आराम देते. घाट चढायचा असेल तर पुढच्या, पेडलजवळच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात, आणि मागच्या चाकाच्या चकत्यांना ११ ते ३२ दात हवेतच, नाहीतर गुडघे बोलू लागतात.

स्टील जड, पण दणकट. ते वेल्डिंगने दुरुस्त होतं. पावसाळ्यात मात्र सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) ग्रीस लावा, नाहीतर तो आतच गंजून अडकतो.

जुनी कार्बन फ्रेम घेताना नळ्यांवर नाण्याने हलकेच टकटक करत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर आत तडा असू शकतो. तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नका. सीटपोस्टचा बोल्ट अंदाजाने आवळू नका: फ्रेमवर लिहिलेला आकडा, बहुधा ५ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) गाठा.